आजी-आजोबांची वही : उतारवयातील रक्तदाब आणि मधुमेह यांची घरगुती देखभाल

स्मरणिकेसाठी मी हा विषय निवडला, तेव्हा "बालरोगतज्ज्ञाने वृद्धांच्या आजारांवर का लिहावे?" असा प्रश्न काही स्नेह्यांनी केला. प्रश्न रास्त आहे. परंतु हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध वसलेल्या आपल्या रायापूरसारख्या भागात बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात प्रत्यक्षात कोण येते हे पाहिले, म्हणजे त्याचे उत्तर मिळते. आई-वडील दोघेही नोकरीवर गेलेले असतात आणि तापलेल्या बाळाला कडेवर घेऊन येतात ते आजी-आजोबा. नातवाचे वजन झाले, लस झाली, की निघता निघता आजी हळूच विचारतात, "डॉक्टर, माझं बीपी जरा बघता का? बरेच दिवस झाले बघून." मी बघते. बहुतेक वेळा ते वाढलेले असते. गोळीची चौकशी केली, तर "बरं वाटत होतं, म्हणून सोडली" हे उत्तर ठरलेले.

या आजी अशिक्षित नसतात, निष्काळजीही नसतात. नातवाचे लसीकरणाचे कार्ड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपलेले असते आणि पुढची लस कोणत्या तारखेला हे त्यांना तोंडपाठ असते. स्वतःच्या आजाराची मात्र एकही नोंद घरात सापडत नाही. नातवासाठी जे शिस्तीने केले जाते, तेच आजी-आजोबांनी स्वतःसाठी करावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. पुढील सर्व विवेचन त्यासाठीच आहे.

आजारांचा विस्तार

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि सुमारे साडेएकतीस कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या वार्धक्यविषयक पाहणीत साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे ३२ टक्क्यांना रक्तदाबाचे आणि १४ टक्क्यांना मधुमेहाचे निदान झालेले आढळले. हे केवळ ज्यांचे निदान झाले त्यांचे प्रमाण. ज्यांनी कधी तपासलेच नाही, ते निराळे.

मधुमेह आपल्याला नवा नाही. सुश्रुताने प्रमेहाचे 'सहज' आणि 'अपथ्यनिमित्त' असे दोन प्रकार मानले होते. एक जन्मतः येणारा, दुसरा चुकीच्या आहारविहाराने ओढवून घेतलेला. पहिल्याचा रुग्ण कृश आणि दुसऱ्याचा स्थूल, हे निरीक्षणही त्याने नोंदविले आहे. आधुनिक काळात या विषयात मोलाची भर घातली ती पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती मातांचा अभ्यास त्यांनी १९९३ साली सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो भरले. आपले बाळ लहान आणि हडकुळे, परंतु त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही, असे दिसून आले. २००४ साली याज्ञिकांनी स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये छापले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच होते. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! "मी तर बारीक आहे, मला कशाला साखर होईल?" असे म्हणणाऱ्या प्रत्येक आजोबांना हे छायाचित्र दाखवावेसे वाटते.

स्व-देखभाल म्हणजे काय?

स्व-देखभाल म्हणजे स्वतःच स्वतःचे डॉक्टर होणे असा अर्थ काहीजण घेतात. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपणही घेणे, वाचनात आलेला काढा सुरू करून औषध बंद करणे, याला देखभाल म्हणता येणार नाही. निदान करणे आणि औषध ठरविणे ही डॉक्टरांची कामे आहेत. परंतु वर्षाचे तास ८,७६० असतात. रुग्ण दर दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेला आणि प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे बसला, तरी वर्षाकाठी दीड तास होतो. उरलेल्या तासांत काय खावे, गोळी घेतली की नाही, पायाला काय लागले, हे पाहणारे दुसरे कोणी नसते. या तासांची जबाबदारी समजून, शिकून घेणे म्हणजे स्व-देखभाल.

घरातल्या माणसाला शिकविले तर तो केवढे काम करू शकतो, हे बालरोगशास्त्राने वारंवार अनुभवले आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे त्यांनी १९९९ साली जगासमोर मांडले. मधुमेहाच्या बाबतीत अमेरिकेतील बॉस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन यांनी इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वीच, १९१८ साली, रुग्णांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले होते. आपला आजार नीट समजलेला रुग्ण अधिक जगतो, ही त्यांची धारणा होती.

तेव्हा आजी-आजोबांनीही शिकावे. शिकण्याचे विषय मोजकेच आहेत.

पहिला पाठ : मोजणे

उच्च रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. डोके दुखले म्हणजेच बीपी वाढले आणि डोके शांत म्हणजे बीपी ठीक, हा समज अत्यंत घातक आहे. मोजल्यावाचून ते कळत नाही. घरी मोजण्यासाठी दंडाला पट्टा बांधावयाचे स्वयंचलित यंत्र घ्यावे; मनगटाचे टाळावे. पट्टा दंडाच्या जाडीला साजेसा असावा. आखूड पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. घेतलेले यंत्र वर्षातून एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून पाहावे.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू वर्ज्य. लघवीला जाऊन यावे. पाठीला आधार घेऊन, पाय जमिनीवर सरळ टेकवून पाच मिनिटे शांत बसावे. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून नव्हे. हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवावा, बाही वर केलेली असावी आणि मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ असे मोजावे आणि पहिला दिवस वगळून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरच्या मोजमापात ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल, तर रक्तदाब वाढलेला समजावा. दिवसातून दहा वेळा मोजून चिंता करीत बसणे हेही योग्य नाही.

ज्येष्ठांसाठी आणखी एक मोजमाप महत्त्वाचे आहे. बसून मोजल्यावर उभे राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० किंवा अधिकने उतरला, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. रात्री लघवीला उठताना घेरी येऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे यामागे अनेकदा हेच कारण असते. उठताना आधी कडेवर बसावे, पाय हलवावेत, मगच उभे राहावे.

साखरेसाठी ग्लुकोमीटर सोयीचा आहे. बोट साबणाने धुऊन, कोरडे करून, टोकाच्या बाजूला टोचावे. आंबा कापलेल्या हाताने तपासल्यास यंत्र रक्तातली नव्हे, आंब्याची साखर मोजते. धारवाडी हापूसच्या दिवसांत हा अनुभव हमखास येतो! सर्वसाधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत साखर असावी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी प्रकृतीने धडधाकट ज्येष्ठांत ७ ते ७.५ च्या आसपास ठेवतात. अतिवृद्ध, अशक्त किंवा अनेक व्याधी असलेल्यांत ८ पर्यंतही चालते, कारण त्यांना साखर अति उतरण्याचा धोका अधिक असतो. आपले लक्ष्य कोणते, हे डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

दुसरा पाठ : लिहिणे

शंभर पानी साधी वही पुरे. पहिल्या पानावर नाव, वय, आजार, चालू औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि जवळच्या नातेवाइकाचा दूरध्वनी. आतील पानांवर पाच रकाने आखावेत : तारीख, रक्तदाब, साखर, वजन, विशेष. 'विशेष' या रकान्यात लग्नातले जेवण, प्रवास, ताप, चक्कर, चुकलेली गोळी असे काहीही. बाळाचा वाढीचा आलेख पाहिल्यावर मला एका वजनावरून जे कळत नाही, ते सहा वजनांच्या रेषेवरून कळते. ज्येष्ठांचेही तसेच आहे. दवाखान्यात एकदा मोजलेल्या आकड्यावर औषध वाढविण्यापेक्षा घरच्या चौदा आकड्यांवर ठरविणे कोणत्याही फिजिशियनला अधिक आवडेल.

डोळ्यांनी नीट दिसत नसेल, तर लिहिण्याचे काम तिसरी-चौथीतल्या नातवाला द्यावे. आपल्या भागातील अनेक ज्येष्ठ मराठी आणि कन्नड उत्तम वाचतात, परंतु औषधाच्या पाकिटावरील बारीक इंग्रजी अक्षरे त्यांना लागत नाहीत. इंग्रजी शाळेत जाणारे नातवंड ती सहज वाचते. त्याने वाचावे, आजीने मराठीत सांगावे आणि दोघांनी मिळून लिहावे.

तिसरा पाठ : औषध न सोडणे

"वयानुसार बीपी थोडे वाढायचेच" हे वाक्य आजही ऐकू येते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने निवर्तले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान माणसाला देण्याजोगे प्रभावी औषध तेव्हा नव्हते. आज तशी औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आणि जनऔषधी दुकानात अल्प किमतीत मिळतात. ऐंशी वर्षांपुढील ३,८४५ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, रक्तदाबावर उपचार घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय दुर्बळ होण्याचे प्रकार ६४ टक्क्यांनी कमी आढळले. ऐंशीव्या वर्षीही उपचारांचा लाभ होतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

तरीही औषधे सुटतात. कारणे साधी असतात. पाकीट संपते आणि आणायला कोणी नसते, बरे वाटते, 'गोळीची सवय लागेल' असे कोणी सांगते. गोळी घेऊन बीपी ताब्यात आले याचा अर्थ गोळी काम करीत आहे, एवढाच. छत्री उघडली म्हणून अंग भिजले नाही. त्यावरून पाऊस थांबला असे समजून छत्री मिटणारा भिजणारच! २०१७ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात मुख्य भर याच गोष्टीवर दिला गेला : ठरावीक, मोजकी औषधे, घराजवळच्या केंद्रात एकदम महिन्याचा पुरवठा, प्रत्येक रुग्णाचे कार्ड आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. यातील कोणतीही गोष्ट घरात करता येणार नाही अशी नाही. सात खणांची औषधपेटी दर रविवारी भरावी आणि आठवड्याची औषधे शिल्लक असतानाच पुढची आणावीत.

गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवितात आणि मूत्रपिंडाला अपाय करतात. मधुमेहात तर तो दुप्पट धोका होय. अशी कोणतीही गोळी घेण्यापूर्वी विचारावे. आयुर्वेदिक किंवा घरगुती औषध घेत असल्यास तेही न लपविता सांगावे.

औषधे आणि नातवंडे

आता माझ्या क्षेत्रातील एक इशारा. काही वर्षांपूर्वी अडीच वर्षांचा एक मुलगा घामाने भिजलेल्या, झोपाळलेल्या अवस्थेत माझ्याकडे आणला गेला. ताप नव्हता, फीट नव्हती. रक्तातील साखर केवळ ३८ होती. विचारता विचारता समजले की आजीच्या मधुमेहाच्या गोळ्या उशाशी पेपरमिंटच्या जुन्या डबीत ठेवलेल्या असत. मुलगा त्या डबीला ओळखत होता. त्याला तत्काळ शिरेतून ग्लुकोज दिले आणि पूर्ण दिवसभर रुग्णालयात देखरेखीखाली ठेवले, कारण या गोळ्यांचा परिणाम उशिरापर्यंत पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. मूल सुखरूप घरी गेले. परंतु रात्रीची वेळ असती आणि सर्वांना ते झोपले आहे असे वाटले असते, तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारखी एकच गोळी लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. ॲम्लोडिपिनसारखी रक्तदाबाची गोळी त्याच्या हृदयाला आणि रक्तदाबाला धोका पोहोचवू शकते. म्हणून औषधे मूळ पाकिटातच, उंचावर, कडी किंवा कुलूप असलेल्या कपाटात ठेवावीत. सात खणांची पेटीही तेथेच. गोळीला 'गोड गोळी' म्हणू नये आणि मुलांसमोर चॉकलेटसारखी ती तोंडात टाकू नये. नातवाने पाकीट वाचावे ते आजीच्या हातात असताना. वाचून झाले की औषध पुन्हा कपाटात. मुलाने गोळी गिळल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता पाकिटासह रुग्णालय गाठावे.

चौथा पाठ : ताट

आपल्या भागाचे जुने ताट मुळात उत्तम आहे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथीचा हिरवा पाला, कच्चा कांदा, काकडी, कारळाची आणि जवसाची चटणी, ताक. त्यात चोथा आहे, प्रथिने आहेत. मात्र ज्वारी साखर वाढवीत नाही, असे समजून चार भाकऱ्या खाणे चुकीचे. ताटाचा अर्धा भाग भाज्या-कोशिंबिरीने, पाव भाग डाळ-उसळीने आणि उरलेला पाव भाग भाकरी अथवा भाताने भरावा, म्हणजे प्रमाण आपोआप साधते. गूळ आणि मध ही साखरेचीच भावंडे आहेत. गुळाचे करदंट असो वा धारवाडी पेढा, रक्ताला त्यातील फरक कळत नाही. सणावारी एखादा पेढा खाण्याने आकाश कोसळत नाही, परंतु तो जेवणाच्या शेवटी, अर्धा, आणि त्या वेळचा भात कमी करून खावा.

मिठाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, एवढेच मीठ हवे. आपण सुमारे दुप्पट खातो. ते केवळ भाजीतून येत नाही. लोणचे, पापड, सांडगी मिरची, फरसाण, गिरमिटावरची शेव आणि बेकरीतील खारी यांतून नकळत येते. वरून मीठ घेण्याची वाटी जेवणाच्या पाटावरून उठवावी आणि लोणचे रोजचे न ठेवता सणाचे करावे. पोटॅशियमयुक्त 'कमी सोडियमच्या' मिठाने पक्षाघात कमी होतात, हे चीनमधील सहाशे खेड्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तथापि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी औषधे घेणाऱ्यांना ते अपायकारक ठरू शकते. त्यांनी विचारल्याशिवाय ते वापरू नये.

पाचवा पाठ : उपवास आणि उतरलेली साखर

एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे आपल्या ज्येष्ठांच्या श्रद्धेचे विषय आहेत आणि त्यांचा मान राखूनच बोलावयास हवे. मधुमेहाची गोळी अथवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकाएकी उतरते. उलट गोळी बंद ठेवून साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे यांचा फराळ केला तर ती भडकते. उपवास करावयाचाच असेल, तर आधी डॉक्टरांना भेटून त्या दिवसाचे औषध ठरवून घ्यावे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी, वारंवार साखर उतरणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी निर्जळी उपवास करूच नये.

घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक, डोळ्यांसमोर अंधारी, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. वृद्धांत कधी कधी घाम न येता केवळ भ्रमिष्टपणा किंवा चिडचिड दिसते आणि घरचे त्याला 'वयाचा विसरभोळेपणा' समजतात. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजण्याची सोय नसेल तरीही, तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळून ताबडतोब द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. सुधारणा नसल्यास पुन्हा द्यावे आणि नंतर जेवण द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. थेट रुग्णालयात न्यावे.

सहावा पाठ : पाय, चालणे आणि लसी

मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. खिळा रुतला, निखारा लागला, तरी कळत नाही. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांना पाहावयास सांगावे. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नये. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालावेत. सौंदत्तीच्या यल्लम्माला किंवा पंढरीला पायी जाणाऱ्यांनी अनवाणी जाण्याचा आग्रह सोडावा. सूक्ष्मछिद्री रबराच्या मऊ चपला घालून केलेली वारीही देवाला पोहोचते. छोटी जखमसुद्धा दोन दिवसांत बरी होत नसेल, तर दाखवावी.

आठवड्यातून दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, चालावे. रहदारीच्या हमरस्त्यावर नव्हे. उणकल तलावाकाठी, साधनकेरीच्या बागेत किंवा आपल्या वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर. खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे हाही उत्तम व्यायाम आहे. पायात बळ असेल तर पडणे कमी होते. छातीत दुखणे वा दम लागणे असे काही असल्यास आधी तपासून घ्यावे.

लस ही केवळ बाळांची मालमत्ता नाही. मधुमेही ज्येष्ठांनी दरवर्षी इन्फ्लुएन्झाची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोनियाची लस घ्यावी. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिन, रक्तातील क्रिएटिनिन, पायांची संवेदना आणि दात तपासावेत. या तारखाही वहीत लिहाव्यात, नातवाच्या लसीच्या तारखा लिहितो तशाच.

वेळ न दवडण्याचे प्रसंग

जुलाब-उलट्या किंवा तीव्र ताप असताना मेटफॉर्मिन, लघवीतून साखर घालविणाऱ्या गोळ्या आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. इन्शुलिन मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. अशा दिवशी डॉक्टरांना दूरध्वनी करून काय घ्यावे आणि काय थांबवावे ते विचारावे. हे आजारपण येण्यापूर्वीच विचारून वहीत लिहिलेले असेल, तर अधिक चांगले.

तोंड वाकडे होणे, एक हात गळून पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे आहेत. मेंदूतील रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. छातीत दडपण, घाम, दम ही हृदयविकाराची चिन्हे. मधुमेहात छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालविता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि वही सोबत न्यावी. अनोळखी डॉक्टरलाही ती वही रुग्णाचा सर्व इतिहास क्षणात सांगेल.

कुटुंबाचा वाटा

स्व-देखभाल या शब्दात 'स्व' असला, तरी ती एकट्याची नसते. मुले बंगळूर, पुणे किंवा परदेशी आणि जुन्या घरात दोघेच वृद्ध, अशी अनेक मराठी कुटुंबे आपल्या जोडशहरांत आहेत. दर रविवारच्या दूरध्वनीत "कसे आहात?" एवढ्यावर न थांबता "या आठवड्याची वही वाचून दाखवा" असे मुलांनी म्हणावे. घरातील सुनेने सासऱ्यांसाठी निराळा, बेचव स्वयंपाक करू नये; कमी मिठाचे जेवण सर्व घराने जेवावे, कारण ते नातवंडांच्याही हिताचे आहे. ज्यांच्याजवळ कोणीच नाही, त्यांची वही पाहण्याची जबाबदारी शेजाऱ्यांनी आणि आपल्या मंडळाच्या सभासदांनी वाटून घ्यावी. महिन्यातून एका रविवारी दोन तास दिले, तरी ते जमण्याजोगे आहे.

ज्या आजीने नातवाच्या एकाही लसीची तारीख चुकविली नाही, तिला स्वतःची गोळी वेळेवर घेणे अवघड नाही. वाचकांपैकी जे साठीच्या पुढे आहेत, त्यांनी आजच एक वही घ्यावी, पहिल्या पानावर स्वतःचे नाव घालावे आणि आजचा रक्तदाब लिहावा. पुढच्या वेळी नातवाला घेऊन दवाखान्यात याल, तेव्हा त्याच्या कार्डासोबत ती वहीही आणावी. दोन्ही मी आनंदाने पाहीन. सर्व ज्येष्ठांना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही सदिच्छा.